दोन कप्प्यांची पिशवी

४ फेब्रुवारी, मंगळवार

टक्, टक्, टक्-टक्. पहाटे या आवाजाने जाग आली. उठून बसल्यावर ध्यानात आलं, हा आवाज या घरातला नाहीच, आमच्या चौथीच्या वर्गातला आहे. कविता शिकवणाऱ्या गुरुजींच्या बोटात एक जाड पितळी अंगठी होती. ती ते टेबलाच्या पत्र्यावर वाजवायचे आणि सगळा वर्ग त्या ठेक्यावर झुलत म्हणायचा :

दाणा एक नि चोची दोन,
सांग पाखरा, उपाशी कोण?
एक म्हणाले, तूच खा ना,
दुजे म्हणाले, तुझाच दाणा.

पुढच्या दोन ओळी काही केल्या आठवेनात. शेवटी दोघं अर्धा-अर्धा दाणा वाटून घेतात, असंच काहीतरी गोड होतं. त्या काळच्या कवितांचे शेवट गोडच असत.

ही घरात असती तर म्हणाली असती, "उठल्या उठल्या कविता? आधी दूध तापवा." पण ही रुग्णालयात. गुडघा बदलला तेव्हा वाटलं होतं, चला, पुन्हा जिना चढेल. नव्या गुडघ्यात जंतूंनीच बिऱ्हाड केलं. इथे मिळतात ती सगळी औषधं देऊन झाली. आज डॉक्टरीणबाईंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली, तेव्हाच ओळखलं. चांगली बातमी डॉक्टर उभ्याउभ्याच सांगतात.

"एक इंजेक्शन आहे," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे त्याची नोंदणी नाही, त्यामुळे दुकानात मिळणार नाही. बाहेरून मागवावं लागेल. एकेका रुग्णाच्या नावाने परवाना मिळतो. मी चिठ्ठी देते, तुम्ही धावपळ करा. उशीर झाला तर मला पाय मांडीपासून काढावा लागेल."

लेक परदेशात आहे. तिच्या ओळखीचा औषधवाला आहे. लगेच फोन केला.

हिच्या शेजारी, खिडकीजवळच्या खाटेवर, एक कंडक्टरबाई आहेत. चालत्या बसमधून पडल्या, नडगी मोडली, आत सळई घातली, आणि त्या सळईला नेमके हेच जंतू. बाई मोठी तिखट आणि हसरी. तिकिटाला भोकं पाडायचा जुना चिमटा उशाखाली ठेवतात आणि नर्स हवी असली की खाटेच्या दांडीवर वाजवतात. हिला म्हणाल्या, "काकू, आपण दोघी एकाच स्टॉपच्या दिसतो. पुढे सरका, मागे जागा करा." ही किती दिवसांनी हसली.

त्यांचा नवरा शिवणकाम करतो. गळ्यात मापाची टेप घालूनच रुग्णालयात येतो, म्हणून सगळे त्याला टेलरमास्तर म्हणतात. संध्याकाळी चहाच्या बाकावर माझ्याशेजारी बसला. बराच वेळ टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिला.

"काका, बोलू का नको कळत नाही. तुमच्या लेकीला आणखी एकीचं औषध जड होईल का हो?"

"मास्तर, जड कसलं? एका पेटीत दोघींचं येईल!"

त्याचे डोळे भरून आले. मग एकदम कामाचा झाला. "पेटी केवढी असेल? विमानतळाच्या गोदामातून इथपर्यंत औषध थंड राहायला हवं. मी पिशवी शिवतो, आत जाड अस्तर लावून. दोन कप्पे करतो. एक काकूंचा, एक हिचा. दोघींत भांडण नको."

घरी येताना ती कविता मोठ्याने म्हणत आलो. रस्त्यावरची माणसं बघत होती. बघू देत.


७ फेब्रुवारी, शुक्रवार

परवान्याच्या कार्यालयात दिवस गेला. लांब खोली, छताला एक पंखा, तोही खालच्या टेबलावरच्या कागदांना घाबरून हळू फिरणारा. हिचा अर्ज घेतला. डॉक्टरांची चिठ्ठी, रुग्णालयाचा शिक्का, ओळखपत्र, सगळं जुळलं. परवाना सोमवारी मिळेल म्हणाले.

कंडक्टरबाईंचा अर्ज खिडकीपलीकडच्या बाईंनी दोन बोटांनी परत सरकवला.

"ओळखपत्रावर माहेरचं नाव आहे. रुग्णालयाच्या कागदावर सासरचं."

"पण बाई एकच आहे ना."

"कशावरून?"

मास्तर पुढे झाला. "मी नवरा आहे तिचा."

"तुम्ही तुमच्या बायकोचे नवरे आहात हो. पण ही तीच बाई कशावरून?"

मास्तरने गळ्यातली टेप सरळ केली आणि म्हणाला, "माप घेऊन दाखवू का?" बाईंना हसू आलं. अर्ज मात्र घेतला नाही. शपथपत्र करून आणा म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मास्तरचा चेहरा उतरला होता. मी त्याला धीर दिला. म्हटलं, मास्तर, मी सगळी नोकरी टपाल कचेरीत पार्सलखिडकीवर काढली आहे. मला विचारा. पार्सल पुढे जातं आणि कागद मागून धापा टाकत येतो. आपण पेटी निघू द्यायची. इकडे येईपर्यंत तुमचा परवाना हातात असेल.

"दोन पेट्या केल्या तर?" त्याने विचारलं.

"छे! एक पेटी एकदा अडते, दोन पेट्या दोनदा अडतात."

त्याने मान डोलावली. माझ्या अनुभवाचा उपयोग व्हायला लागला तर.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

पेटी निघाली. वर काय लिहायचं ते मी लेकीला फोनवर शब्द न् शब्द सांगितलं : दोन रुग्णांसाठी, दोन पूर्ण कोर्स. ती म्हणाली, "बाबा, एवढं तपशिलात कशाला?" मी म्हटलं, पार्सलवर लपवाछपवी करणाऱ्यांची पार्सलंच फोडली जातात. जे आत तेच बाहेर. तिने लिहिलं, ठळक अक्षरांत.

मास्तरचं शपथपत्र झालं. अर्ज पुन्हा दिला. आता तो समितीपुढे जाणार आहे, आणि समिती बुधवारी बसते.

हिचा ताप संध्याकाळी चढतो, सकाळी उतरतो.


१७ फेब्रुवारी, सोमवार

विमानतळामागचं मालगोदाम. एवढं मोठं छप्पर आणि त्याखाली एवढी थंड माणसं. सीमाशुल्काचा अधिकारी तरुण आहे, उद्धट नाही. उद्धट असता तर बरं झालं असतं, चार शब्द सुनावता आले असते. पेटी त्याच्याकडे शीतखोलीत आहे. त्याने माझ्यापुढे हिचा परवाना ठेवला आणि पेटीवरच्या कागदाचा फोटो ठेवला.

"परवाना एका रुग्णाचा. पेटीत दोघांचं."

"दुसऱ्या बाईंचा परवाना येतोय. बुधवारी समिती आहे."

"तोवर ही पेटी वैयक्तिक वापराची नाही. एकाने आणायचं आणि दुसऱ्याला द्यायचं म्हणजे वाटप. वाटप म्हणजे व्यापारी आयात. त्याला आयातदाराचा परवाना लागतो, घाऊक विक्रीचा लागतो. आणि प्रतिजैविक आहे, म्हणून नमुने प्रयोगशाळेत जातात."

"किती नमुने?"

त्याने सांगितलं. मी मनाशी हिशेब केला. औषध शुद्ध आहे हे सिद्ध होईपर्यंत एकीचाही कोर्स शिल्लक उरत नव्हता.

"मग आता हिचं तरी सोडा," मी म्हटलं.

"पेटी एक आहे, आजोबा. जादाच्या मालाचं काय ते ठरल्याशिवाय उघडता येत नाही."

बाहेर फाटकाशी एक एजंट भेटला. लोकांचा माल सोडवून देणं हा त्याचा धंदा. खिशात चार पेनं, पायात चपला. सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "आजोबा, खरं कशाला लिहिलंत? एक रुग्ण, वाढीव कोर्स, एवढं लिहून डॉक्टरची सही घेतली असती की पेटी डोळे झाकून सुटली असती. नाहीतर दोन पेट्या करायच्या. तुमची आज घरी असती."

असली माणसं प्रामाणिकपणाला नावं ठेवायलाच जन्माला येतात. मी त्याला नमस्कार करून निघालो.

मास्तरला यातलं काही सांगितलं नाही. उगाच काळजी करील. बुधवारी परवाना मिळाला की प्रश्नच मिटला.


१८ फेब्रुवारी, मंगळवार

फोनवर लेक रडली. म्हणाली, "बाबा, आधी आईचं बघा. जादाचं सोडून दिलं असं लिहून द्या." मी म्हटलं, बाळा, एक दिवस थांब. कुणाच्या तोंडचा घास काढून आपण जेवत नाही. ती म्हणाली, "घास नाहीये बाबा तो. आईचा पाय आहे."

फोन ठेवल्यावर खिडकीत जाऊन उभा राहिलो. पुढच्या दोन ओळी आठवायचा प्रयत्न केला.


२० फेब्रुवारी, गुरुवार

समितीने काल अर्ज फेटाळला.

नावाचा घोळ मिटला होता. शपथपत्र चाललं, बाई तीच ठरली. पण सचिवांनी पेटीची तारीख पाहिली. माल तेरा तारखेला निघाला, परवाना एकोणीसला मागताय. परवाना मालाच्या आधी पाहिजे. मागील तारखेने परवाना देता येत नाही, कुणालाच, कशासाठीच. नवा अर्ज करा, नवा परवाना घ्या, मग नवी पेटी मागवा.

मी म्हटलं, "साहेब, औषध इथे आहे. बाई इथे आहे. दोघांच्या मध्ये एक तारीख आहे फक्त."

साहेब म्हणाले, "तारीखच तर आहे."

तिथून गोदामात गेलो. अधिकाऱ्याला विचारलं, जादाचं रुग्णालयाला दान करता येईल का? दान म्हणजे वाटप, तो म्हणाला. परत पाठवलं तर? पेटी सगळीच परत जाईल, तुमच्या औषधासकट. मग डॉक्टरीणबाईंना विचारलं, हिचंच औषध दोघींना निम्मं-निम्मं दिलं तर? त्या एवढ्या शांत बाई, पण चटकन म्हणाल्या, "अजिबात नाही. अर्धा कोर्स म्हणजे जंतूंची शिकवणी. तेवढ्यात ते शहाणे होतात, आणि मग हेही औषध लागू पडत नाही. दोन्ही पाय जातील."

म्हणजे दाणा वाटताही येत नाही.

गोदामातून निघताना एक गोष्ट दिसली, ती लिहून ठेवतो. फाटकाबाहेर टेलरमास्तर त्या एजंटाशी बोलत उभा होता. माझ्या नकळत! एजंट हातवारे करून सांगत होता आणि हा खाली मान घालून ऐकत होता. मी खांबाआड झालो. काय खलबतं चालली असतील? स्वतःपुरतं काही जमवून घ्यायचा विचार असेल. माणूस अडला की कुठल्या थराला जाईल सांगता येत नाही. मी मात्र त्याच्यासाठी पेटी अडवून बसलोय.


२१ फेब्रुवारी, शुक्रवार

चहाच्या बाकावर मास्तर आला नाही. कालही आला नव्हता.

वॉर्डात गेलो तर खिडकीजवळची खाट रिकामी. नर्स म्हणाली, त्यांच्या नवऱ्याने विनंती करून दुसऱ्या वॉर्डात हलवायला सांगितलं. इथे खिडकीतून ऊन लागतं म्हणे. आजवर कधी लागलं नाही ते!

ही म्हणाली, "जाताना तिने तुमची कविता म्हणून दाखवली."

"कुठली?"

"तीच हो. दाण्याची. तिलाही शाळेत होती. तुम्हाला येत नाही तो शेवट तिला येतो." आणि हिने भिंतीकडे बघत म्हटलं :

आग्रह त्यांचा सरला नाही,
दाणा फांदीवर उरला नाही.

मी म्हटलं, "छे! असा शेवट कसा असेल लहान मुलांच्या कवितेचा? तिच्या वेळी पुस्तकं बदलली असणार."

ही माझ्याकडे वळली. ताप होता, डोळे लाल होते. मग म्हणाली, "तुम्ही सही कधी करणार?"

"कसली सही?"

"काही नाही. झोपते मी."

तापात काहीही बोलतात माणसं.


२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी हिची शुद्ध हरपली. थोडाच वेळ, पण हरपली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज किंवा उद्या औषध आलं पाहिजे. नाहीतर परवा मी पाय काढते, आणि तेव्हाही उशीर झालेला असेल."

मी सही केली.

कागदावर मजकूर छापलेलाच होता. जादाच्या मालावरचा हक्क मी स्वेच्छेने सोडत आहे. 'स्वेच्छेने' हा शब्द किती वेळा वाचला. गुरुजींनी शुद्धलेखनात घातला होता एकदा, मी बरोबर लिहिला होता आणि त्यांनी पाठ थोपटली होती.

संध्याकाळी नर्सने एक पिशवी दिली. "टेलरमास्तर देऊन गेले. काकांना द्या, उद्या लागेल म्हणाले."

सुंदर शिवली आहे. जाड अस्तर, वर पाकिटासारखं झाकण, धरायला मऊ बंद. पण कप्पा एकच! आतून हात फिरवला तर मधोमध सुईच्या भोकांची रांग लागते, वरपासून खालपर्यंत. मधला पडदा शिवलेला होता आणि मग उसवला आहे. शिलाई चुकली असणार, आणि पुन्हा घालायचा कंटाळा केला असेल. दोन कप्पे म्हणाला होता. स्वतः आला असता तर विचारलं असतं. पण गृहस्थ तोंड दाखवायला तयार नाही. ज्याच्यासाठी एवढं केलं त्याने असं टाळावं!

उद्या लागेल, हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे.


२५ फेब्रुवारी, मंगळवार

जादाचा माल माझ्यासमोर नष्ट करायचा असा नियम आहे. मागाहून तक्रार नको म्हणून.

गोदामाच्या मागे एक पत्र्याची खोली. मोरीसारखा कट्टा, निळं पिंप, रबरी हातमोजे घातलेला एक कामगार, अधिकारी, एजंट आणि मी. पेटी उघडली. आतून वाफेसारखी थंडी आली. लहान लहान काचेच्या कुप्या, प्रत्येकीच्या डोक्यावर निळी टोपी, रांगेत, प्रार्थनेला उभ्या असलेल्या मुलांसारख्या. वरच्या थरातल्या हिच्या. त्या मी मोजून पिशवीत ठेवल्या. खालच्या थरातल्या कंडक्टरबाईंच्या.

फरक काय दोघींत? मला तरी दिसला नाही. बोट चुकलं असतं आणि वरची खाली गेली असती, तरी नियमाला कळलं नसतं.

कामगार एकेक कुपी कट्ट्यावर ठेवायचा आणि हातोडीने मान मोडायचा. टक्. आतलं पिंपात. टक्. पुढची. मध्येच एखादी चिवट निघायची. टक्-टक्.

मी गुरुजींना मनातल्या मनात म्हटलं, पुरे करा आता.

अधिकारी माझ्याशेजारी उभा होता. मी न राहवून विचारलं, "तुम्हाला वाईट नाही वाटत?"

तो म्हणाला, "वाटून घ्यायला लागलो तर रोज वाटेल, आजोबा." मग त्याने मला बसायला स्वतःची खुर्ची दिली. मी बसलो. हेही लिहून ठेवतो, की मी बसलो.

एजंटाने फाटकापर्यंत सोबत केली. आज त्याने चेष्टा केली नाही. "तो शिवणवाला भला माणूस आहे हो," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, असेल. मला घाई होती, पिशवी थंड होती तोवर पोचायचं होतं.

दुपारी पहिलं इंजेक्शन दिलं.


१ मार्च, शनिवार

ताप नाही! सूज उतरते आहे. डॉक्टरीणबाई आज उभ्याउभ्याच बोलल्या.

हिने विचारलं, "तिचं कसं आहे?"

"कुणाचं?"

"अहो, कुणाचं काय? कंडक्टरबाईचं."

"ठीक आहे. तिलाही सुरू झालं."

"तिलाही सकाळ-संध्याकाळ टोचतात?"

"हो. सकाळ-संध्याकाळ."

"कुठल्या हातात?"

"डाव्या," मी म्हटलं. मग म्हटलं, "बहुतेक."

"बरं झालं," ही म्हणाली आणि कूस बदलली. जेवणाचं ताट तसंच परत गेलं. या इंजेक्शनाने तोंडाची चव जाते, असं नर्स म्हणाली होती.

खोटं बोलायची सवय नाही मला. पण आजाऱ्याला धक्का द्यायचा नसतो.


१२ मार्च, बुधवार

आज घरी आणलं. स्वतःच्या दोन पायांवर, वॉकर धरून, जिन्याच्या आठ पायऱ्या चढली. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. लेक फोनवर हसत-रडत होती.

सकाळी रुग्णालयातून निघताना लांब बोळात एक चाकांची खुर्ची समोरून आली. ढकलणाऱ्याच्या गळ्यात टेप होती. खुर्चीतल्या बाईच्या मांडीवर पांघरूण होतं. एका बाजूला ते पायाच्या आकाराचं होतं, दुसऱ्या बाजूला सपाट. मी हिची खुर्ची चटकन औषधांच्या दुकानाकडे वळवली. एक गोळी घ्यायची राहिलीये, म्हटलं. नशीब, ही समोर बघत होती, तिने पाहिलं नाही.

लांबून पाहिलं म्हणजे कुणीही कुणासारखं दिसतं.

घरी आल्यापासून ही गप्प आहे. घर एवढे दिवस बंद होतं, धूळ बसली आहे, त्याचं वाईट वाटत असेल.


२८ मार्च, शुक्रवार

टपाल आलं. वरती माझा पत्ता, आत कंडक्टरबाईंचा परवाना. समितीने फेटाळल्यावर केलेल्या नव्या अर्जावर मीच माझा पत्ता घातला होता, टपालाची खात्री म्हणून. सुरेख कागद, गोल शिक्का, दोन सह्या. सदर औषध सदर रुग्णाच्या वैयक्तिक वापरासाठी मागवण्यास हरकत नाही.

हरकत नाही म्हणे.

लेकीला विचारलं तर ती लगेच पाठवील. पण कुठल्या पायासाठी? हा कागद कुणाला नेऊन द्यायचा? द्यायला गेलं की मास्तर विचारणार. काय विचारील ते माहीत नाही. आणि त्याने काहीच विचारलं नाही तर? त्यापेक्षा इथेच राहू दे. पिशवीत ठेवला आणि पिशवी कपाटात वरच्या फळीवर.

मी स्टुलावरून उतरलो तेव्हा ही दारात उभी होती. वॉकरचा आवाज आला नव्हता.

"काय ठेवलंत वर?"

"टपाल. जुनं."

"जुनं टपाल आज आलं? गोल शिक्का मारून?"

मी चहा टाकायला गेलो. चहा घेऊन आलो तेव्हा ही फोनवर कुणाशी तरी बोलत होती. मला बघून म्हणाली, "ठेवते. ये मग." लेक असणार. पण लेक इतक्यात कुठली यायला?


६ एप्रिल, रविवार

सकाळपासून मन प्रसन्न आहे. ऊन कोवळं आहे. ही आज स्वतःहून नीट कपडे करून बसली, केस विंचरले, मला दोन कप जास्त चहा टाकायला सांगितला. किती दिवसांनी! दुःखाचे दिवस सरले की माणसं पुन्हा पहिल्यासारखी होतात, हेच खरं. दुपारी जुन्या वह्या काढून ती कविता नीट लिहून ठेवावी असा बेत आहे. शेवटच्या दोन ओळी मी माझ्या करीन. अर्धा दाणा तुझा, अर्धा दाणा माझा, असं काहीतरी. 'खा ना', 'दाणा' जुळतं. ठेका तोच ठेवायचा. टक्, टक्, टक्-टक्.

आता पुन्हा तोच आवाज ऐकू येतोय. लिहिता लिहिता थांबून ऐकलं. मनातला वाटला, पण मनातला नाही. बाहेर दारावर कुणीतरी लोखंडाने वाजवतं आहे. टक्, टक्, टक्-टक्.

खिडकीतून वाकून पाहिलं. खाली गाडीपाशी टेलरमास्तर उभा आहे, गळ्यात टेप, वर बघत. मला पाहून त्याने हात जोडले आणि मान खाली घातली. तो जिना चढून आलेला नाही. मग वर कोण आलंय? दाराच्या फटीतून कुबडीचं रबरी टोक दिसतं आहे, आणि त्याच्या शेजारी एकच चप्पल.

हिला म्हटलं, "आपण घरात नाही असं समजू दे. तुला अजून विश्रांती—"

"मीच बोलावलंय तिला," ही म्हणाली. "तिचा परवाना तिला देऊन टाका. आणि तिला डाव्या हातात टोचत होते की उजव्या, तेही विचारून घ्या."

मला काही उठता येईना. पेन हातात आहे, एवढंच.

ही वॉकर पुढे टाकून उभी राहिली. "बसा तुम्ही," म्हणाली. "मी उघडते. मला पाय आहेत."